उपवासकाळ आणि आपला उतावळेपणा

राखेच्या बुधवारीं कपाळावर रक्षेचें चिन्ह घेऊन कांहीं मुलें वर्गांत येतात आणि शेजारचीं मुलें त्यांस 'हें काय?' म्हणून विचारतात. आमच्या शाळेंतील सर्वच विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत. तेव्हां प्रथम थोडा खुलासा करणें अवश्य आहे. त्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतून ६ रविवार वगळले म्हणजे उपवासाचे ४० दिवस उरतात. प्रभु येशूनें अरण्यांत ४० दिवस उपास केला, त्याचें हें स्मरण होय.

हा काळ आमच्याकडे बहुधा परीक्षेच्या दिवसांतच येतो. मग कोणी चहा सोडतो, कोणी गोड सोडतो, आणि त्याच्या मोबदल्यांत देवाकडे गणिताचे गुण मागतो. आमच्या मतें हा उपवास नव्हे, व्यापार होय. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' अशी थट्टा आपल्या समाजानें पूर्वींच करून ठेविली आहे. ख्रिस्ती घरांतही मटण वर्ज्य करून पापलेटावर ताव मारणारे पुष्कळ आहेत. (आम्हीही त्यांतलेच!)

अन्न सोडणें त्या मानानें सोपें. उतावळेपणा सोडणें कठीण. सैतानानें प्रभूस घातलेले मोह पाहा. भूक लागली आहे, तर धोंड्यांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, म्हणजे देव सांभाळतो कीं नाहीं तें आतांच कळेल. मला नमन कर, म्हणजे जगांतील राज्यें आतांच मिळतील. भाकर वाईट नव्हे, देवाचें रक्षणही वाईट नव्हे. पित्याच्या वेळेची वाट न पाहतां तीं हिसकावून घ्यावीं, येथेंच खरा मोह होता.

निर्गमाच्या पुस्तकांतील मान्न्याची कथा आम्हांस या काळांत वारंवार आठवते. मिसर देशांतून सुटलेल्या इस्राएल लोकांस रानांत रोज सकाळीं मान्ना मिळे. ज्यानें त्यानें त्या दिवसापुरताच गोळा करावा, अशी आज्ञा होती. पण 'उद्यां न मिळाला तर?' या भयानें कित्येकांनीं तो राखून ठेविला, आणि सकाळीं पाहतात तों त्यांत किडे! मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट वेंचून ठेवलेला नासत नसे. शिवाय मान्ना कोणाच्या तंबूंत येऊन पडत नसे. सकाळीं उठून बाहेर जावें लागे, कारण ऊन तापलें कीं तो वितळून जाई. वर्षभर निजून ऐन परीक्षेंत देवावर भरंवसा टाकणाऱ्या विद्यार्थ्यानें ही गोष्ट नीट वाचावी.

आणि पालकांनींही वाचावी. सातवींतल्या मुलाच्या नोकरीची चिंता आजच करणें म्हणजे उद्यांचा मान्ना भरून ठेवणेंच नव्हे काय? एका विषयांत नापास झाल्यामुळें घरीं दोन दिवस आपल्याशीं कोणी बोललें नाहीं, असें एका मुलानें आम्हांस सांगितलें. त्या घरीं उपवास कडक पाळला जातो, हें आम्हांस ठाऊक आहे.

परंतु दुसऱ्यांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं. गेल्या उपवासकाळांत एक मुलगा वर्गांत वाचतांना अडखळत होता. दोन वेळां आम्हीं वाट पाहिली. तिसऱ्या वेळीं त्याचें वाक्य आम्हींच रागानें पुरें केलें व त्यास खालीं बसविलें. त्या दिवशीं सकाळपासून आमच्या पोटांत अन्नाचा कण नव्हता. त्या उपासाचा कांहीं उपयोग झाला असें वाटत नाहीं. दुपारीं त्यास बोलावून तोच उतारा पुन्हां वाचावयास दिला. तेवढ्यासाठीं अर्धी सुटी गेली. आतां तो रोज मधल्या सुटींत येतो. जोडाक्षरांपाशीं तो अद्यापही थांबतो, आणि शब्द आमच्या जिभेवर आलेला असतांही आम्ही गप्प बसून त्याच्या तोंडाकडे पाहत राहतों.