बारा वर्षे संपतात

सीवूड्समध्ये रविवारी सकाळची हॉलमधली प्रार्थना असो की संध्याकाळचं सोसायटीतलं हरिपाठाचं मंडळ, एक वाक्य दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने बोललं जातं : "देव बोलावील तेव्हा निघू, अजून तयारी चालली आहे." बोलणारे प्रामाणिक असतात. कुणाला करावे-दारावे गावांतल्या मुलांना शिकवायचं असतं, कुणाला अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायची असते, कुणाला कीर्तनाला उभं राहायचं असतं. वर्षं उलटतात, टिपणांच्या वह्या भरतात, पाऊल मात्र उंबऱ्याच्या आतच राहतं. हे वाक्य मला मान्य नाही. पण आधी पूर्वपक्ष नीट ऐकू.

त्यांचा सगळ्यात मोठा आधार समर्थ रामदास. परंपरा सांगते, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे पुरश्चरण, पुढे बारा वर्षे तीर्थाटन, आणि मग १६४४च्या सुमारास कृष्णाकाठ. चोवीस वर्षे तयारीचीच. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले उपदेशक आपण कमी पाहिले का, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. कच्च्या माणसाने गादीवर बसून केलेलं नुकसान भरून यायला पिढी जाते.

पण टाकळीचा दाखला त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. तिथे रोज माधुकरी मागायला लोकांच्या दारी जावं लागत होतं. समर्थांनी वाल्मीकिरामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. त्यांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी ती प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. मुख्य म्हणजे, बारा वर्षे संपली आणि ते टाकळीहून निघाले. बारा हा आकडाही कायदा नव्हे. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा ज्ञानेश्वरांचं वय पंधरा-सोळाच होतं. तेव्हा किती वर्षं गेली हे विचारूच नये. त्या वर्षांतून कुणाच्या उपयोगी पडेल असं काय हाती आलं, ते विचारावं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे : बोलावणं स्पष्ट ऐकू आल्याशिवाय निघणं म्हणजे अहंकार. इथे मला पंडिता रमाबाईंचं आयुष्य समोर ठेवावंसं वाटतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबाला घेऊन पायी देश पालथा घातला. देवळांत पुराणं सांगून मिळेल त्यावर गुजराण. रमाबाईंचं संस्कृत या वाटचालीतच पक्कं झालं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. ती उपासमार म्हणजे पुढच्या कामाची तयारी आहे, असं त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला गौरवलं, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. आणि १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांना आसरा दिला. पक्क्या इमारती नंतर आल्या. भुकेने कोमेजलेलं पोर कसं दिसतं, हे त्यांना अहवाल वाचून कळायचं नव्हतं. बोलावणं याहून स्पष्ट काय असतं?

शिवाय निघाल्यावर त्यांचं शिकणं थांबलं नाही. केडगावच्याच मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत, उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला बसल्या, आणि तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. १९२२मध्ये त्या गेल्या; संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आलं. पूर्ण तयारीची वाट पाहिली असती, तर केडगावही झालं नसतं आणि भाषांतरही.

आपल्या दाराशीच याचा पडताळा आहे. सीवूड्सच्या खाडीकडेला टी. एस. चाणक्य ही व्यापारी नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे. १९२७च्या डफरीन जहाजापासून तिची परंपरा सुरू होते. इथे तीन वर्षं नॉटिकल सायन्स शिकूनही कुणाच्या हाती जहाज देत नाहीत. पोरगा कॅडेट म्हणून जहाजावर चढतो, डेकवरचा गंज खरवडतो, रंग लावतो, रात्रीच्या पहाऱ्याला अधिकाऱ्याशेजारी उभा राहून लांबच्या जहाजांचे दिवे ओळखायला शिकतो. समुद्रावरचा ठरलेला काळ भरला की सेकंड मेटची परीक्षा. तो काळ किनाऱ्यावर बसून भरता येत नाही.

माझी बाजू एवढीच : एकांत हवाच, अभ्यास हवाच, पण त्याला मुदत हवी आणि त्याच्या आतच सेवेचा एखादा कोपरा हवा. देवाची वेळ देवच जाणतो, हे मीही मानतो. पण समोरच्या माणसाची गरजही त्यानेच आपल्या वाटेत ठेवली आहे, हेही मानावं लागेल. "आता वय झालं" म्हणणाऱ्या भगिनींना लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून देतो : 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

मंडळाने पुढच्या बैठकीत कुणी कोणत्या दिवशी, कोणत्या घरी, किती वाजता जायचं, एवढं कागदावर लिहावं. पहिल्या महिन्यात चुका होतील. त्या सांगायला जाणती माणसं मंडळातच आहेत. दारावे गावातल्या दहावीच्या मुलाला गणित अडलं आहे आणि त्याची परीक्षा याच वर्षी आहे.