नोटिशीसोबत माणूसही पाठवा

मे महिना संपत आला की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जुन्या इमारतींच्या जिन्यांत धोकादायक इमारतीच्या नोटिशींचे कागद चिकटायला लागतात. ‘सी-1’ म्हणजे इमारत ताबडतोब रिकामी करा. ‘सी-2 ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा. कागदावर कायद्याचं कलम असतं, जावक क्रमांक असतो, गोल शिक्का असतो. मजकूर वकिलाशिवाय उलगडत नाही, पण शेवटचं वाक्य कुणालाही कळतं: मुदतीत जागा सोडली नाही तर पाणी आणि वीज तोडण्यात येईल, दुर्घटना घडल्यास जबाबदारी आपली राहील.

या पट्ट्यातल्या एका इमारतीत माझ्या ओळखीच्या आजी राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी डोंबिवलीला. त्यांच्या मजल्यावर असा कागद लागला. त्यांनी तो हलकेच सोडवला, चार घड्या घातल्या आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे ठेवून दिला. मग रात्री-अपरात्री उठून बॅटरीच्या उजेडात छताचा तडा वाढला का ते बघायला लागल्या. तड्याच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली, शेजारी तारीख लिहिली. जेवण तुटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, गोळी वाढवली. रात्री झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही.

त्यांची भीती खोटी नव्हती. उल्हासनगरात मे 2021 मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. नोटीस द्यायलाच हवी, अभियंत्याने ते काम केलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की जे कार्यालय नोटीस पाठवतं, त्याच कार्यालयाने दुसऱ्या दिवशी त्या घरी एक माणूस पाठवावा. जाऊन बसणारा, कागदाचा अर्थ सोप्या मराठीत आणि सिंधीत सांगणारा, पर्यायी जागा कुठे मिळेल ते समजावणारा आणि झोपेचं विचारणारा. नगरपालिकेने लोकांच्या मनासाठी काय करावं, याची सुरुवात मला तिथून दिसते.

एरवी आपल्याकडे हा विषय दोन ठिकाणी अडकून पडलाय. एक म्हणजे 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन: बॅनर, व्याख्यान, फोटो. दुसरं म्हणजे ठाणे. 1901 साली सुरू झालेलं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय गंभीर आजाराच्या असंख्य माणसांना आधार देत आलंय. पण आपल्या भागात ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ हे वाक्य पोरं एकमेकांना चिडवायला वापरतात. तीन महिने झोप उडालेला रिक्षावाला किंवा बाळंतपणानंतर कारण नसताना रडू येणारी सून आपण होऊन त्या दारात जाईल का? नाही जाणार. त्यांच्यासाठी घराजवळ, रोजच्या वाटेवर काहीतरी हवं. ते उभं करणं हे पालिकेचंच काम आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. वेगवेगळ्या आजारांत उपचारापर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के होतं. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांची लोकसंख्या मिळून 9 लाख 33 हजार होती. त्यातली निम्मीच माणसं प्रौढ धरली तरी हा आकडा पन्नास हजारांच्या आसपास जातो. आज वस्ती किती वाढली आहे, ते तुम्ही रोज फलाटावर बघताच.

आता कुणी म्हणेल, हा विषय राज्याचा, पालिकेने गटारं बघावीत. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेलं बारावं परिशिष्ट काढून वाचा. नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे, उद्यानं आणि मैदानं आहेत, सांस्कृतिक कार्य आहे. दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा विषयही आहे आणि त्यात अपंग व मतिमंद व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे. 2018 मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. पैशांचं म्हणाल तर राज्यातल्या पालिकांनी दिव्यांग कल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही येतो. हा निधी म्हटला की तीनचाकी सायकलच डोळ्यांसमोर येते. सायकल हवीच. पण दीर्घ मानसिक आजाराचा मुलगा घरात असलेल्या आईला दिवसातले चार तास मोकळे मिळावेत म्हणून चालवलेलं एक दिवसकेंद्रही याच निधीत बसतं.

आणि वेळ! मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या वेळेबद्दल. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर. माणूस सकाळी सातच्या आत घर सोडतो आणि रात्री नऊला उतरतो. दवाखान्याची ओपीडी दोन्हींच्या मध्ये उघडते आणि मिटते. म्हणजे या शहरांत नोकरी करणाऱ्याला मन दाखवायचं तर रजा टाकावी लागणार आणि रजेचं कारण साहेबाला काय सांगणार? राज्याने ‘आपला दवाखाना’ सुरू केला तेव्हा त्याची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठेवली. हे शहाणपणाचं होतं. तोच धडा पुढे न्यावा. तिन्ही पालिकांनी स्टेशनपासून पाच मिनिटांवर एकेक खोली घ्यावी आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा तिथे समुपदेशक बसवावा. दारावर ‘मनोविकार’ वगैरे पाटी नको, नुसतं ‘पालिका आरोग्य केंद्र’ पुरे. गाडीतून उतरून भाजी घेता घेता तिथे डोकावता आलं पाहिजे.

बसणारा माणूस आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे, कारण मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच आहेत. त्याची उत्तरं आपल्या आसपास आहेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. त्याने सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फरक पडल्याचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या एका संस्थेने नाशिक जिल्ह्यातल्या 41 गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प केला. त्यात गावातलीच माणसं दुःखात असलेल्या शेजाऱ्याला हेरून त्याच्याशी बोलतात आणि गरज पडली तर पुढच्या उपचारापर्यंत पोचवतात. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून हरारेच्या पालिका दवाखान्यांबाहेर बाकं टाकली आणि त्यांवर प्रशिक्षित आज्या बसवल्या. आपल्याकडे आशाताई आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, बचत गटांच्या बायका आहेत. त्यांना शिकवा, मानधन वेळेवर द्या आणि मागे एक तज्ज्ञ उभा करा. तज्ज्ञ मागे नसेल तर मात्र हे करू नये. जीव द्यायच्या विचारात असलेल्या माणसासमोर आशाताईला एकटं सोडणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

खरं तर या पट्ट्यात लोकांनी एक व्यवस्था स्वतःच उभी केली आहे. लोकलच्या महिला डब्यातला ग्रुप बघा. ठरलेली गाडी, ठरलेला दरवाजा. तिथे मटार सोलले जातात, हळदीकुंकू होतं, सासूपासून कर्जापर्यंत सगळं बोललं जातं. कुणी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं आहेत. निवृत्तीच्या दिवशी डब्यात पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते सगळं एका फटक्यात तुटतं. पस्तीस वर्षं धावलेला माणूस वन-बीएचकेच्या खिडकीत बसतो. अंबरनाथला विम्कोसारखे कारखाने बंद झाले तेव्हा कामगारांचं हेच झालं. अशा माणसांसाठी विरंगुळा केंद्र ही पालिकेने द्यायची वस्तू आहे. मात्र उद्घाटनानंतर कुलूप लागलेलं केंद्र नको. रोज उघडणारं, जिना न चढता आत जाता येईल असं, पंखा आणि स्वच्छतागृह चालू असलेलं हवं. बदलापूरचं ग्रंथसखा वाचनालय लोकांच्या जिद्दीने उभं राहिलं. पालिकेने अशा ठिकाणांच्या पाठीशी राहावं.

उल्हासनगरला तर हे सांगायलाच नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 ला त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. घर, जमीन, माणसं गमावलेल्या त्या पिढीला कुणी समुपदेशक मिळाला नाही. त्यांनी दरबार उभारले, शाळा काढल्या, चालीहा व्रताचे चाळीस दिवस एकत्र पाळले. सावरण्यासाठी एकत्र जमायची जागा लागते, हे त्या पिढीने करून दाखवलं. आज 13 चौरस किलोमीटरच्या त्या शहरात मुलांना खेळायला किती मोकळी जागा उरली आहे, हे प्रत्येक कॅम्पमधल्या पालकाने पालिकेला विचारावं.

काही भीती तर नुसत्या माहितीने कमी होते. बदलापुरात हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली इथली माणसं 26 जुलै 2005 च्या पुरानंतर जोराच्या पावसात नीट झोपत नाहीत. उल्हास नदीची धोक्याची पातळी 17.50 मीटर. पाऊस सुरू असताना दर तासाला पाणी किती मीटरवर आहे याचा पालिकेचा खात्रीचा मेसेज मोबाईलवर आला, तर अफवांवर रात्र काढावी लागणार नाही. वालधुनी नदीत रसायनं सोडल्यामुळे नोव्हेंबर 2014 मध्ये शेकडो लोक रुग्णालयात गेले. रात्री उग्र वास आला की त्या काठच्या लोकांना फोन उचलणारं कुणीतरी हवं असतं.

आणि मुलं. 20 ऑगस्ट 2024 ला बदलापूर स्थानकात लोकांनी तासन् तास रेल्वे रोखून धरली. शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचा तो संताप होता. गाड्या सुरू झाल्या, पण घराघरांतले प्रश्न थांबले नाहीत. मुलाला विचारायचं कसं? किती विचारायचं? ती शाळेत जायला रडते, ते नेहमीचं की काही वेगळं? अशा वेळी पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी प्रभागाप्रभागात जाणकार माणसं बसवणं हे पालिकेचं कर्तव्य आहे. त्यासाठी घटना घडायची वाट बघायची नसते. प्रत्येक पालिका शाळेला आठवड्यातून निदान दोन दिवस समुपदेशक हवाच.

अंबरनाथ आणि बदलापूरला एप्रिल 2015 नंतर नगरसेवक निवडायची संधी थेट डिसेंबर 2025 मध्ये आली. आधीच्या नगरसेवकांची मुदत संपल्यानंतरची वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. आता दार ठोठावायला माणूस आहे. तेव्हा वाचकहो, पुढचा अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी आपल्या नगरसेवकाला एक पत्र लिहा. तीनच गोष्टी मागा: स्टेशनजवळ संध्याकाळचा समुपदेशक, रोज उघडणारं विरंगुळा केंद्र आणि धोकादायक इमारतीच्या प्रत्येक नोटिशीमागे घरी येणारा एक माणूस. पत्राची पोच घ्या. आणि तोवर घरात, शेजारी कुणाची घुसमट होत असेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक त्यांना द्या: 14416. तो चोवीस तास चालू असतो, फोन फुकट लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.