एक तबलजी, दोन गायक



शाळेचं विज्ञान प्रदर्शन चार दिवसांवर आलंय. समजा, तुम्ही रेल्वे फाटकाची प्रतिकृती केली आहे. तिचा मेंदू म्हणजे आर्डुइनो उनो हा छोटासा बोर्ड. फाटकाची दांडी वर-खाली करायला एक सर्व्हो मोटर जोडलीय पिन ७ वर. आणि हळूहळू उजळणारा, हळूहळू मंदावणारा लाल एलईडी दिवा पिन ९ वर.

काल नुसत्या दिव्याचा प्रोग्रॅम चालवला. झकास! आज सकाळी नुसत्या मोटरचा चालवला. तोही झकास! मग दोन्ही प्रोग्रॅम एकत्र केले. दांडी डौलात वर गेली, पण दिवा काही केल्या मंद-प्रखर होईना!

तुम्ही दिवा बदलता, वायरी बदलता, प्रोग्रॅम तीनदा वाचता. संगणक एकही चूक दाखवत नाही. तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "नीट जोडलंच नसशील!" आणि तुम्हालाही वाटू लागतं, की हे काही आपलं काम नव्हे.

थांबा! दिवा चांगला आहे, वायरी चांगल्या आहेत आणि तुम्हीही काही चुकलेला नाहीत. भांडण चाललंय ते चिपच्या पोटात. कसं, ते पाहू या.

मोटर फिरवण्याचे बारीकसारीक हुकूम आपण स्वतः लिहीत नाही. ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात आणि आपण ते आपल्या प्रोग्रॅमला जोडतो. अशा तयार हुकमांच्या गाठोड्याला 'लायब्ररी' म्हणतात. (या लायब्ररीत पुस्तकं नसतात, बरं का!) आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी झाला. त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले गेले, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी त्याच्यासाठी हजारो लायब्रऱ्या लिहिल्या. पण एकाने लिहिलेली लायब्ररी दुसऱ्याने पाहिलेली असतेच असं नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये त्या दोघी पहिल्यांदाच भेटतात!

आता चिपच्या आत डोकावू. उनोच्या नेहमीच्या चिपचं नाव एटीमेगा ३२८पी. तिच्यात मोजणी करणारी तीन घड्याळं असतात. त्यांना 'टायमर' म्हणतात. त्यांचे क्रमांक ०, १ आणि २. दिवा मंद-प्रखर करणाऱ्या सहा पिना या तिघांनी वाटून घेतल्या आहेत :

टायमर ० कडे पिन ५ आणि ६,
टायमर १ कडे पिन ९ आणि १०,
टायमर २ कडे पिन ३ आणि ११.

दिवा मंद करायचा म्हणजे तो भराभर चालू-बंद करायचा. पिन ९ वर हे सेकंदाला सुमारे ४९० वेळा घडतं. डोळ्यांना ती उघडझाप दिसत नाही, दिवा नुसता मंद वाटतो. सर्व्हो मोटरला मात्र सेकंदाला साधारण ५० वेळा इशारा द्यावा लागतो. मोटरच्या लायब्ररीने या कामासाठी टायमर १ निवडलाय आणि ती तो पुरताच ताब्यात घेते. मोटरची वायर पिन ७ वर असली तरीसुद्धा! मग पिन ९ वरच्या दिव्याने ठेका मागायचा कुणाकडे?

एकाच तबलजीला एका गायकाने विलंबित लय मागावी आणि दुसऱ्याने त्याच क्षणी द्रुत, तसंच हे. दोन्ही गायक तयारीचे आहेत, तबलजीही उत्तम आहे. पण तो एकच आहे!

उपाय सोपा. दिव्याची वायर ९ वरून काढून ५ वर लावा, प्रोग्रॅममध्येही ९ च्या जागी ५ लिहा. दिव्याला दुसरा तबलजी मिळाला!

कधी कधी संगणक आधीच बजावतो. बझरमधून सूर काढणारा 'टोन' हा हुकूम आणि रिमोटचे संकेत ओळखणारी 'आयआररिमोट' लायब्ररी, दोघांनाही उनोवर टायमर २ लागतो. दोन्ही एकत्र घेतले, की 'मल्टिपल डेफिनिशन' असा संदेश झळकू शकतो. म्हणजे, एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितलाय. अशा संदेशाला घाबरू नका. तो तुम्हाला रात्रभराच्या शोधाशोधीतून वाचवतो.

आणखी दोन कारणं लक्षात ठेवा. एक म्हणजे वय. २०११ च्या अखेरीस आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती आली, तेव्हा 'डब्ल्यूप्रोग्रॅम' या मूळ फाइलच्या जागी 'आर्डुइनो' नावाची फाइल आली. जुन्या लायब्रऱ्या जुनंच नाव शोधत राहिल्या आणि अडल्या. दुसरं कारण म्हणजे बोर्ड. २०२३ साली आलेला उनो आर४ दिसायला जुन्या उनोसारखाच, पण त्याची चिप वेगळी. जुन्या चिपच्या अंतरंगाला धरून लिहिलेल्या लायब्रऱ्या त्याच्यावर चालतीलच असं नाही.

मग दोष शोधायचा कसा? आधी प्रत्येक भाग एकेकटा चालवून पाहा. मग एका वेळी एकच भाग वाढवा. जिथे अडेल, तिथे विचारा, "या दोघांना एकच वस्तू तर लागत नाही ना?" आणि वहीत बोर्डाचं नाव, लायब्ररीचं नाव आणि तिची आवृत्ती लिहून ठेवा. पुढच्या वेळी फार उपयोगी पडतं.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. मूल रडकुंडीला आलं असेल, तर "काय बिघडवलंस?" असं विचारू नका. "एकेकटं चालत होतं का?" एवढंच विचारा. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नसलं तरी चालेल. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

आता तुमच्यासाठी कोडं. आपल्या फाटकाला मोटर आहेच. तिच्या जोडीला 'टोन' हुकमाने वाजणारा बझरही बसवला. तर दिवा मंद-प्रखर करायला कोणत्या पिना उरल्या? वरची वाटणी पाहा, उत्तर कागदावर लिहा आणि मगच खाली वाचा.

(उत्तर : फक्त ५ आणि ६.)