व्हिनेगरची बाटली जरा बाजूला ठेवा

जुना गेम बॉय 'डेड' म्हणून टेबलावर आला की आपल्यातल्या बऱ्याच जणांचा एक हात सोल्डरिंग आयर्नकडे जातो आणि दुसरा व्हिनेगरकडे. या महिन्यात सांगायचंय ते एवढंच, की मीटर लावून होईपर्यंत दोन्ही हात आवरा. जुन्या हँडहेल्ड सेटचा सप्लाय गेला, तर दोष बहुधा सेलचे पत्रे आणि स्विच यांच्या दरम्यान कुठेतरी असतो. आपण मात्र थेट कन्व्हर्टर उचकटायला बसतो.

आधी व्हिनेगरचं पाहू. सेलच्या डब्यातल्या पांढऱ्या थरावर व्हिनेगर लावा, हा सल्ला अल्कलाइन सेलपुरता बरोबर आहे. त्या सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं आणि आम्लाने ते विरतं. पण नव्वदच्या दशकात आपल्याकडे किराणा दुकानातून यायचे ते साधे कार्बन-झिंक सेल. त्यांच्यात नवसागर नाहीतर झिंक क्लोराइड असतं, म्हणजे प्रकरण मुळातच आम्लधर्मी. शिवाय जस्ताचा डबा हाच त्या सेलचा एक ध्रुव. सेल वापरला जातो तसा तो आतून खाल्ला जातो आणि शेवटी फुटतो. अशा गळतीवर व्हिनेगर ओतणं म्हणजे आम्लात आम्ल. स्प्रिंगवरचा उरलासुरला निकेलचा मुलामाही त्यात जातो.

कोणता सेल गळला हे गिऱ्हाइकाला आठवत नसतं. डबा रिकामा करूनच सेट आणला जातो. मग थरावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोडा आणि त्याला लिटमस लावा. लिटमस नसेल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागदही चालतो. अल्कली लागली की तो लालसर होतो. (हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणावर.) हळदीचा कागद लाल (लिटमस असेल तर निळा) झाला तर व्हिनेगर. पिवळाच राहिला तर खायचा सोडा पाण्यात कालवून तो लावा. दोन्हीनंतर डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पुरेसं वाळवणं. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते आणि महिनाभरात सेट परत येतो.

पण प्रत्येक गंज सेलमुळेच येतो असं नाही. कुंभकोणमजवळच्या चोळपुरम्‌हून एक गेम बॉय आमच्याकडे तपासणीला आला होता. विटा, खानापूर, आटपाडी भागातली सोन्या-चांदीची गलाई करणारी मंडळी तामिळनाडूत गावोगावी स्थिरावली आहेत. हा सेट अशाच एका घरातला. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आधीच्या कारागिराने त्याची कन्व्हर्टरची छोटी पाटी बदलली होती, तरी सेट लागत नव्हता. लाल दिवा मंद पेटायचा आणि विझायचा. डबा उघडला तर चारही सेलचे पत्रे बऱ्यापैकी स्वच्छ. हिरवट थर होता तो स्विचच्या पत्र्यावर, हेडफोनच्या जॅकवर, कार्ट्रिजच्या पिनांच्या कडेला. सेल गळले असते तर गंज डब्यापासून सुरू होऊन तारेच्या, ट्रॅकच्या वाटेने पुढे सरकला असता. इथे तो डब्याबाहेर सगळीकडे सारखा, म्हणजे हवेतून आलेला. गलाईत चांदी वेगळी करायला नायट्रिक आम्ल लागतं आणि त्याची वाफ तांब्या-पितळेला सोडत नाही. भरीला कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या मधला तो दमट मुलूख, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचा. मालवण-देवगडकडून येणाऱ्या सेटचं दुखणं याच जातीचं असतं, फक्त तिथे आम्लाऐवजी खारा वारा.

सेट चालू स्थितीत ठेवून स्विचच्या दोन्ही टोकांना मीटर लावला, तेव्हा जवळपास एक व्होल्ट तिथेच पडत होता. घरी रिचार्जेबल सेल वापरत. चार मिळून ४.८ व्होल्ट. त्यातला एक स्विचनेच खाल्ल्यावर कन्व्हर्टरने पाच व्होल्ट काढायचे कशातून? स्विच उतरवून उघडला, आतले पत्रे पुसले, पुन्हा बसवला. सेट लागला. आधीची कन्व्हर्टरची पाटी बहुधा विनाकारणच बदलली गेली.

हे मोजमाप लोडवरच व्हायला हवं. बंद सेटवर कंटिन्युइटी तपासली की मीटर आनंदाने बीप देतो, कारण तो स्विचमधून नगण्य करंट सोडतो. १९८९ च्या मूळ गेम बॉयवर ६ व्होल्ट, ०.७ वॅट असं छापलेलं असतं, म्हणजे सुमारे ११५ मिलिअँपिअर. चार ओहमचा मळ असेल तर अर्धा व्होल्ट गेला. चार सेलच्या सेटला तो एक वेळ परवडतो. १९९८ चा गेम बॉय कलर दोनच सेलवर चालतो आणि करंट जास्त ओढतो, त्याला परवडत नाही. आता त्यात लोक नवे चकचकीत डिस्प्ले बसवून घेतात. बॅकलाइटने करंट वाढतो, इतकी वर्षं निभावलेला स्विच उघडा पडतो, सेट मध्येच रीसेट होतो आणि बोल लागतो डिस्प्ले बसवणाऱ्याला. डिस्प्लेचं काम घेण्याआधी स्विच मोजा आणि तो आकडा बिलावर लिहा.

सेगाचा गेम गिअर मात्र वेगळं प्रकरण आहे. सेल कितीही जपले तरी त्याचे सरफेस माउंट इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर आपोआप गळतात. आयर्न टेकवताच मासळीसारखा वास आला की समजावं. तिथे निदानात वेळ घालवू नका, सगळे कॅपॅसिटर बदला.

आणि ब्रिक गेम. आपल्याकडच्या गावांत खरा 'व्हिंटेज' हँडहेल्ड तोच. सांगलीतही आणि चोळपुरम्‌लाही जत्रेत मिळायचा तो. सर्किटचा नकाशा नाही, चिप काळ्या गोळ्याखाली गाडलेली. पण सप्लायची वाट अगदी सरळ: स्प्रिंग, बारीक तार, स्विच. तार वरून ठणठणीत दिसते आणि आवरण सोलल्यावर आत काळी निघते. तिच्यावर सोल्डर धरत नाही; खरवडत बसण्यापेक्षा तार नवी टाका.

अडॅप्टरबद्दल थोडं. मूळ गेम बॉयच्या प्लगमध्ये आत ऋण, बाहेर धन असतं. गेम गिअरचं नेमकं उलट. बाजारातल्या सहा व्होल्टच्या साध्या ट्रान्सफॉर्मर अडॅप्टरला लोड नसताना मीटर लावून पाहा, आठ-नऊ व्होल्ट सहज दिसतील. टेबलावर करंट लिमिट असलेला सप्लायच वापरा. पहिल्यांदा लावताना लिमिट दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास ठेवली, तर आत शॉर्ट असला तरी ट्रॅक जळत नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत खराब स्विचची हुबेहूब जोड शोधण्यात दुपार घालवण्याआधी जुना स्विच एकदा उघडून पुसून पाहा. आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक सेटचं स्विचवरचं रीडिंग, साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं, मॉडेल आणि गावासह आम्हाला कळवा. किनारपट्टी, देश आणि गलाईच्या पेठा असा वेगवेगळा तक्ता करून छापायचा विचार आहे.