मापाची बाग



थकलेल्या माणसाला आपण सर्वजण प्रेमाने एकच उपदेश करतो : "आता स्वस्थ बसा." मीही तो अनेकांना केला आहे. त्यातील चूक मला आमच्या गावच्या एका वृद्ध शिंप्याने दाखविली.

चाळीस वर्षे पायाने शिवणयंत्र चालविल्यावर त्यांचे गुडघे निकामी झाले. बोटांचे सांधे सुजले. दुकान बंद झाले आणि ते पडवीत बसून राहू लागले. मी भेटीस गेलो असता म्हणालो, "मामा, पुष्कळ कष्ट केलेत, आता विश्रांती घ्या."

"फादर, विश्रांती कामानंतर गोड लागते," ते उत्तरले. "मी सकाळी उठावे कशासाठी, ते सांगा."

मला उत्तर सुचले नाही.

पाऊस सरल्यावर त्यांच्या नातीने परसात मिरचीची चार रोपे लावली. जन्मात कधी माती न चिवडलेल्या मामांना त्यांचा लळा लागला. एके दिवशी पाणी घालण्यासाठी ते वाकले आणि तोल जाऊन पडले. देवकृपेने हाड मोडले नाही. पण घरच्यांनी परसात जाण्यास मनाई केली.

तथापि मामा हाडाचे शिंपी! कापड माणसाच्या मापाने बेततात, माणूस कापडाच्या मापाने नव्हे. त्यांनी फीत मागविली. हातांच्या खुर्चीत बसून आपला हात न ताणता कुठवर पोहोचतो, हे मोजले. दोन फूट भरले. मुलाने पडवीत, सकाळचे ऊन येते तेथे, दोन फूट उंचीचे जुने बाक ठेवले. त्यावर लाकडी खोकी व डबे मांडले आणि पाणी निथळावे म्हणून त्यांच्या तळाला भोके पाडली. वाकण्याचा प्रश्नच मिटला.

नुसती तांबडी माती डब्यात घट्ट बसते. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण केले. मेथीला अर्धी वीत खोली पुरते, मिरचीला सव्वा वीत तरी हवी. खुरप्याच्या मुठीवर मामांनी चिंध्या गुंडाळून ती जाड केली, कारण सुजलेल्या बोटांना बारीक मूठ आवळवत नाही. दहा लिटरची झारी भरली की दहा किलोंहून जड होते. म्हणून बादली शेजारी ठेवून ते तांब्याने पाणी घालतात.

आरंभ मेथीने करावा. दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि महिन्याभरात भाजी खुडता येते. नवशिक्याचा धीर टिकण्यास एवढे त्वरित फळ आवश्यक असते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाकी करून पेरावे. ते उगवण्यास आठवडा-दीड आठवडा लागतो. मिरचीला दोन-अडीच महिने वाट पाहावी लागते.

सावधगिरीचे दोन शब्द. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. हातापायाला जखम असेल तर ती झाकावी आणि धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी कधीही काम करू नये. सांडलेले पाणी तत्काळ पुसावे. ओली फरशी वृद्धांची वैरीण आहे.

मामांचे गुडघे बरे झालेले नाहीत. काठी अद्याप सुटलेली नाही. पण परवा मी सकाळी गेलो तेव्हा ते बोलण्यास मोकळे नव्हते. "फादर, थोडे थांबा. ऊन चढण्यापूर्वी एवढे पाणी घालून होऊ दे." मी मुकाट्याने पायरीवर बसलो. निघताना त्यांनी मेथीची जुडी हाती दिली.

मुलांनो, सुनांनो, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना "स्वस्थ बसा" म्हणण्यापूर्वी त्यांचा हात कुठवर पोहोचतो, हे एकदा मोजून पाहा. तेवढ्या अंतरात एक डबा माती नेऊन ठेवा.