अन्नशास्त्राचे पदवीधर आणि नोकरीची रांग

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की अन्नशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञान या विषयांतील पदवीधरांची नवी तुकडी महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून बाहेर पडते. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ साली अन्नतंत्रज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले, त्या काळी ही विद्या थोड्यांची होती. आज कृषी विद्यापीठांशी संलग्न असलेल्या खासगी महाविद्यालयांतूनही ती शिकविली जाते, आणि त्यासाठी शेतकरी कुटुंबे जमीन गहाण टाकून वा कर्ज काढून शुल्क भरतात. शेतमाल सडतो, त्यावर प्रक्रिया झाली पाहिजे, प्रक्रिया करावयाची तर तंत्रज्ञ हवेत, सबब या पदवीला मरण नाही, असा हिशेब त्यामागे असतो. हिशेबाची पहिली तीन पदे बरोबर आहेत. चौथे पद मात्र आपोआप येत नाही.

नोकरीच्या शोधात निघालेल्या या तरुणांना सल्ल्याची वाण पडत नाही. अर्ज नीटनेटका लिहावा, इंग्रजी सुधारावे, मुलाखतीचा सराव करावा, ओळखी वाढवाव्या, एखादे जादा प्रमाणपत्र मिळवावे, असे त्यांना सांगितले जाते. हे सल्ले खोटे नाहीत. एकट्या उमेदवाराला त्यांचा उपयोगही होतो. परंतु एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला जागा मिळते म्हणून सर्वांनी रुमाल टाकले तर गाडीतील बाके वाढत नाहीत. कोण बसणार आणि कोण उभा राहणार, एवढेच काय ते रुमालाने ठरते. अन्नतंत्रज्ञांच्या नोकरीचा प्रश्न मुख्यतः बाकांचा आहे आणि चर्चा मात्र सारी रुमालांची चालते.

उद्योगाचे दोन मजले

अन्नप्रक्रिया उद्योगाची रचना पाहिल्याखेरीज या प्रश्नाची उकल होणार नाही. केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी दहा हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत सरकारनेच दिलेले आकडे बोलके आहेत. देशात असे सुमारे २५ लाख असंघटित घटक आहेत. त्यांतील ६६ टक्के ग्रामीण भागात आणि सुमारे ८० टक्के कुटुंबाच्या बळावर चालणारे. या क्षेत्रातील एकूण रोजगारापैकी ७४ टक्के रोजगार हे घटक देतात. परंतु उत्पादनातील त्यांचा वाटा १२ टक्के आणि मूल्यवृद्धीतील वाटा २७ टक्के. यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीपैकी अवघी ७ टक्के, आणि कर्जापैकी तर अवघे ३ टक्के त्यांच्या वाट्याला आलेले.

साध्या त्रैराशिकाने काय दिसते? संघटित भागातील एका माणसामागचे उत्पादन असंघटित भागातील माणसाच्या सुमारे वीसपट आहे. मूल्यवृद्धीच्या हिशेबाने पाहिले तरी ते अंतर साडेसातपटीहून कमी नाही. म्हणजे वरच्या मजल्यावर यंत्रे आहेत, भांडवल आहे, परंतु माणसे थोडी लागतात. खालच्या मजल्यावर माणसांची गर्दी आहे, पण तंत्रज्ञाला पगार देण्याची ऐपत नाही. पापड-लोणची करणारा बचत गट, गूळ करणारे गुऱ्हाळ, काजू फोडणारे घर, बेदाण्याचे शेड या साऱ्यांना अन्नशास्त्राची नितांत गरज आहे. मालातील पाण्याचे प्रमाण किती असावे, बुरशी कशाने धरते, गंधकाची धुरी किती द्यावी, लेबलावर काय छापावे हे सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. परंतु गरज आणि मागणी यांत अर्थशास्त्र भेद करते. ज्या गरजेच्या पाठीशी पैसा नाही, ती बाजाराच्या खिजगणतीत नसते. तंत्रज्ञाची गरज असलेले लाखो घटक आणि कामाची गरज असलेले हजारो तंत्रज्ञ एकाच जिल्ह्यात असूनही त्यांची गाठ पडत नाही, ती यामुळे.

कायद्याने दिलेले आणि व्यवहाराने काढून घेतलेले

कायद्याने या पदवीधरांसाठी काही जागा निर्माण केल्या आहेत, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ साली झाला आणि त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. परवानाधारक उत्पादकाने उत्पादनप्रक्रियेवर देखरेख करण्यासाठी निदान एक तांत्रिक व्यक्ती नेमली पाहिजे, अशी अट त्यांत आहे. ती व्यक्ती रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र वा आहारशास्त्रासह विज्ञानाची पदवीधर, अथवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी वा पदविका घेतलेली असावी. याचा अर्थ असा की ही जागा अन्नतंत्रज्ञाची आहे, पण एकट्या अन्नतंत्रज्ञाची नाही, रसायनशास्त्राचा बी.एस्सी. झालेला तरुणही त्याच दारात उभा असतो. छोट्या उलाढालीच्या, केवळ नोंदणी केलेल्या घटकांना तर ही अट लागूच नाही. शिवाय एखाद्या कारखान्यात ही 'तांत्रिक व्यक्ती' कागदावरच असेल, तर ते तपासणार कोण?

तपासणाऱ्यांची स्थिती कशी आहे, हे महालेखापरीक्षकांच्या २०१७ सालच्या अहवालाने दाखविले. राज्यांच्या ज्या ७२ प्रयोगशाळांकडे अन्नाचे नमुने तपासणीस जात, त्यांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता नव्हती, आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा राज्यांत मोठा तुटवडा होता. सरकारने तपासनीस नेमले नाहीत की कारखानदाराला तंत्रज्ञ नेमण्याची निकड वाटत नाही. अशा रीतीने सरकारी नोकरीची एक रिकामी जागा खासगी क्षेत्रातील कितीतरी जागा रिकाम्या ठेवते. आणि तिची किंमत केवळ बेकार पदवीधरच मोजतो असे नव्हे. भेसळीचे तेल आणि नासका मावा घरी नेणारे गिऱ्हाईकही ती मोजत असते.

ज्यांना कारखान्यात प्रवेश मिळतो, त्यांचे पुढे काय होते? पुष्कळांना पहिली नेमणूक मिळते ती शिकाऊ उमेदवार म्हणून. १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी सोडल्या तर कामगार कायद्यांचे छत्र त्याच्यावर नाही. पदवीधर शिकाऊ उमेदवाराला २०१९ च्या नियमांनी किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले. प्रशिक्षण संपल्यावर कोणाला सामावून घ्यावयाचे, याचे धोरण मात्र मालकाने स्वतः ठरवावयाचे, असे २०१४ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. परिणामी एक तुकडी शिकून बाहेर पडते, दुसरी शिकावयास आत येते, आणि कारखान्याचे कायमचे काम तात्पुरत्या हातांनी वर्षानुवर्षे चालू राहते.

दुसरी युक्ती हुद्द्याची. रात्रपाळीत नमुने तपासणाऱ्या, वाफेच्या कढईशेजारी उभे राहून तापमान टिपणाऱ्या मुलाला 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' असे भारदस्त नाव दिले जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर ठेवला आहे. हुद्दा मोठा, पगार बेताचा आणि संरक्षण शून्य, असा हा सन्मान आहे. अर्थात कायदा नुसते नाव पाहत नाही, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतो. परंतु ते सिद्ध करण्याची ताकद एकट्या तरुणाच्या अंगी नसते.

मग तरुणांनी करावे काय?

समाजरचना बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसा, असे कोणाही तरुणाला सांगता येणार नाही. घरी आई-बाप वाट पाहत असतात. म्हणून नोकरीचा शोध डोळसपणे कसा घ्यावा, हे सांगणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, शोध हंगाम ओळखून घ्यावा. आंब्याचा गर काढणारे कारखाने एप्रिल-मेमध्ये धडाडत असतात आणि साखर कारखाने दिवाळीच्या सुमारास पेटतात. निकाल लागून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत आंब्याचा हंगाम उलटलेला असतो. शेवटच्या वर्षातच, हंगामापूर्वी दोन-तीन महिने अर्ज गेला पाहिजे. दूध, बेकरी, तेल आणि मसाले या शाखांत बाराही महिने काम असते; तेथील पगार प्रारंभी कमी वाटला तरी वर्षाची बेरीज करून मगच तुलना करावी.

दुसरी गोष्ट, नेमणूकपत्र वाचावे. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे नव्या संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. पत्रावर नाव कारखान्याचे आहे की ठेकेदाराचे, शिकाऊ उमेदवारीचा करार रीतसर नोंदलेला आहे काय, भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार काय, ठराविक मुदतीचा बाँड लिहून मागितला आहे काय, हे चार प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, आणि नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभेही राहू नये.

तिसरी गोष्ट, सार्वजनिक सेवेकडे पाठ फिरवू नये. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी अन्नतंत्रज्ञानाची पदवी ही कायद्याने मान्य केलेली अर्हता आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि प्रयोगशाळेतील अनुभव यांच्या जोरावर अन्न विश्लेषकाची परीक्षाही देता येते. जागा थोड्या निघतात हे खरे. म्हणूनच त्या निघाव्यात यासाठी आवाज उठविणे हाही नोकरीच्या शोधाचाच भाग मानला पाहिजे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, हा शोध एकट्याने घेऊ नये. कोणत्या कारखान्यात किती पगार मिळतो, कोठे शिकाऊ उमेदवारांना सामावून घेतात आणि कोठे वापरून सोडून देतात, मुलींना रात्रपाळीनंतर घरी पोचविण्याची सोय कोठे आहे आणि कोठे केवळ बोलण्यापुरती आहे, ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी एका वहीत नोंदवून ठेवली तर पुढच्या तुकडीची निम्मी फरफट वाचेल. या विषयाकडे मुली मोठ्या उमेदीने वळतात. मात्र गावापासून दूर असलेल्या औद्योगिक वसाहतीत वसतिगृह नाही आणि वाहन नाही, एवढ्याच कारणाने त्यांतील कित्येकींची पदवी संसाराच्या पेटीत बंद होते. ज्याला बाजारभाव ठाऊक नाही तो शेतकरी जसा नाडला जातो, तसाच ज्याला वेतनाचा भाव ठाऊक नाही तो पदवीधरही नाडला जातो. रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळविण्याची सक्ती १९५९ च्या कायद्याने केली होती, आणि ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. त्या केंद्रामार्फतच भरती करण्याची सक्ती नसली तरी कळविण्याची आहे. ती पाळली जाते काय, हे संघटित तरुणच विचारू शकतात.

बाके वाढवावयाची तर

याहीपुढे जाऊन जागा वाढविण्याचा विचार केला पाहिजे, आणि त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. दोन म्हशी असलेला शेतकरी स्वतःचा पशुवैद्य ठेवू शकत नाही. म्हणून काय त्याच्या म्हशी उपचाराविना मराव्यात? समाजाने त्यावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा तोडगा काढला. पापड करणाऱ्या बचत गटाला स्वतःचा अन्नतंत्रज्ञ परवडत नाही. पण तालुक्यातील शे-दोनशे घटकांना मिळून एक तंत्रज्ञ, एक छोटी प्रयोगशाळा आणि एक मदतनीस का परवडू नयेत? खर्चाचा काही भाग शासनाने, काही जिल्हा परिषदेने आणि काही घटकांनी माफक शुल्काच्या रूपाने उचलावा. २०२० च्या योजनेत जिल्ह्याला मार्गदर्शक नेमण्याची तरतूद आहे. पण त्याला पगार नाही, कर्जप्रकरणामागे मोबदला आहे. अशा माणसाचे लक्ष मालाच्या शुद्धतेपेक्षा बँकेच्या मंजुरीकडे लागले तर दोष त्याचा नव्हे, योजनेचा आहे.

हंगामी कामाचा प्रश्नही न सुटणारा नाही. साखर उद्योगासाठी १९५७ साली वेतन मंडळ नेमले गेले. आणि त्या धंद्यातील हंगामी कामगाराला गाळप बंद असलेल्या काळात राखणभत्ता मिळतो, पुढच्या हंगामात त्याची जागा त्याचीच राहते. हा हक्क मालकाच्या औदार्यातून आलेला नाही, संघटनेच्या बळावर आलेला आहे. आंब्याचा गर काढणाऱ्या कारखान्यातील तंत्रज्ञाने तोच हक्क मागितला तर त्यात वावगे काय? आपण पांढरपेशे आहोत, कामगार नव्हे, या समजुतीने तो मागत नाही. आणि त्या समजुतीचा सारा लाभ मालकाला होतो.

ज्या देशात एकीकडे फळे-भाज्या सडतात, दुसरीकडे मुले कुपोषित राहतात, आणि अन्न टिकविण्याची विद्या शिकलेला तरुण तिसरीकडे अर्ज लिहीत बसतो, तेथे तंत्रज्ञ जास्त झाले आहेत असे कोण म्हणेल? नोकरीसाठी अर्ज जरूर करावा, मुलाखतीची तयारीही करावी. परंतु तालुक्याला एक पगारी अन्नतंत्रज्ञ आणि एक प्रयोगशाळा हवी, अन्न प्रशासनातील रिकाम्या जागा भरल्या गेल्या पाहिजेत आणि हंगामी कामाला राखणभत्ता मिळाला पाहिजे, या तीन मागण्यांचा अर्जही याच तरुणांनी, सर्वांच्या सह्या घेऊन, शासनाच्या दारी नेला पाहिजे. त्या अर्जावर सह्या जितक्या अधिक होतील, तितके त्याचे वजन वाढेल.