रोमचे दत्तक सम्राट : एका लाडक्या सिद्धान्ताची तपासणी

इ.स. 96 मध्ये डोमिशियनचा खून झाल्यापासून इ.स. 180 मध्ये मार्कस ऑरेलियसचा मृत्यू होईपर्यंत रोमवर नर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि मार्कस यांनी ओळीने राज्य केले, आणि हा काळ साम्राज्याच्या भरभराटीचा होता याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो कारणाविषयी. या सम्राटांनी रक्ताचे नाते बाजूला सारून सर्वांत लायक पुरुषाला दत्तक घेतले म्हणून राज्य सुखी झाले, आणि मार्कसने पुत्रप्रेमापोटी कॉमोडसला गादी दिली म्हणून राज्याला उतरती कळा लागली, असे मॅकियाव्हेलीच्या काळापासून सांगितले जाते. त्याचे मूळ त्याहूनही जुने असून, धाकट्या प्लिनीने इ.स. 100 मध्ये सिनेटपुढे ट्राजनचे गुणगान करताना हीच मांडणी केली होती. अर्थात जो सम्राट स्वतः दत्तक होऊन आला होता, त्याच्याच स्तुतीसाठी ती रचली गेली, हे विसरून चालणार नाही.

या मताचे पहिले खंडन वंशावळीनेच होते. नर्व्हा, ट्राजन आणि हेड्रियन यांना मुलगाच नव्हता, आणि अँटोनायनसचे दोन्ही मुलगे त्याला गादी मिळण्यापूर्वीच वारले होते. ज्याला औरस पुत्र हयात होता असा या पाचांत एकटा मार्कस, आणि त्याने मुलालाच वारस केले. ज्यांच्यापुढे मुलाचा पर्यायच नव्हता त्यांनी तो नाकारला, असे म्हणण्यात काय अर्थ आहे? शिवाय दत्तकही बहुधा घराण्याभोवतीच फिरत राहिले : हेड्रियन हा ट्राजनच्या आतेभावाचा मुलगा आणि त्याच्या बहिणीच्या नातीचा नवरा होता, तर मार्कस हा अँटोनायनसच्या पत्नीचा भाचा असून पुढे त्याचाच जावई झाला; त्यामुळे कॉमोडस हा आईकडून अँटोनायनसचा सख्खा नातू ठरतो.

निवडीमागचा शांत विवेकही बराचसा कल्पित आहे. इ.स. 97 मध्ये सम्राटाच्या खास रक्षकदलाने, म्हणजे प्रेटोरियन शिपायांनी, नर्व्हाला वेठीला धरून डोमिशियनच्या मारेकऱ्यांचा जीव घ्यायला लावले, आणि त्या अपमानानंतर वृद्ध, निपुत्रिक नर्व्हाने ऱ्हाइनकाठच्या सैन्याचा सेनापती ट्राजन याला घाईने दत्तक घेतले. ट्राजन लायक होताच, पण त्या घडीला नर्व्हाला त्याच्या लायकीइतकीच त्याच्या पलटणींचीही गरज होती. हेड्रियनचे दत्तकविधान तर त्याहून संशयास्पद आहे. इ.स. 117 च्या ऑगस्टमध्ये सिलिशियातील सेलिनस येथे ट्राजन मरण पावला, आणि इतिहासकार डिओ कॅसियसच्या म्हणण्यानुसार दत्तक जाहीर होईपर्यंत ही मृत्यूची बातमी काही दिवस दाबून ठेवली गेली, व सिनेटला गेलेल्या पत्रांवर सम्राटाऐवजी सम्राज्ञी प्लोटिना हिची सही होती. पुढे लवकरच, हेड्रियन रोमला पोहोचण्यापूर्वीच, कॉन्सलपद भूषविलेल्या चार मातब्बर पुरुषांना कटाच्या आरोपावरून ठार करण्यात आले.

मग चांगल्या सत्तांतरांचे खरे कारण कोणते? कायद्याच्या दृष्टीने रोममध्ये राजेशाही नव्हतीच, त्यामुळे वारसाहक्काचा नियमही नव्हता. सम्राटाचा अधिकार म्हणजे सैन्याची सर्वोच्च आज्ञा, लोकप्रतिनिधी ट्रिब्यूनचा अधिकार आणि अशाच इतर अधिकारांची गोळाबेरीज होती, व ती सैन्य आणि सिनेट यांच्या मान्यतेने प्रत्येकाला नव्याने मिळवावी लागे. ज्याला हे अधिकार आधीच्या सम्राटाच्या हयातीतच मिळाले, त्याच्या बाबतीत गादी रिकामी पडण्याचा क्षणच येत नसे. ट्राजनला ते इ.स. 97 मध्ये मिळाले होते, म्हणून नर्व्हा वारल्यावर तो जवळजवळ दोन वर्षे सरहद्दीवर राहिला तरी कोणी बोट उचलले नाही. अँटोनायनसला ते 25 फेब्रुवारी 138 रोजी मिळाले आणि जुलैमध्ये हेड्रियन वारला तेव्हा सत्ता सुरळीत हाती आली. हेड्रियनला ते मिळालेच नव्हते, आणि त्याचीच सुरुवात रक्ताने माखली.

मार्कसचा निर्णय याच कसोटीवर तपासावा. इ.स. 175 मध्ये त्याच्या मृत्यूची खोटी अफवा उठताच सीरियाचा सुभेदार अव्हिडियस कॅसियस याने स्वतःला सम्राट घोषित केले. कॉमोडस तेव्हा अवघा 13 वर्षांचा असून 'सीझर' या वारसाच्या पदवीपलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. बंड सुमारे तीन महिन्यांत मोडले, पण मार्कसने त्यातून योग्य तो बोध घेऊन इ.स. 177 पर्यंत मुलाला सहसम्राट केले, आणि 180 मध्ये सत्तांतर एकही तलवार न उपसता झाले. कॉमोडसचा कारभार वाईट निघाला हे निर्विवाद आहे. परंतु त्याला डावलले असते तर नव्या सम्राटाला एक तर त्याला मारावे लागले असते, नाही तर त्याच्या नावाने उठणाऱ्या सैन्याशी लढावे लागले असते. ही भीती पोकळ नव्हती. इ.स. 305 मध्ये डायोक्लिशियनने राजीनामा दिला, तेव्हा नवे सीझर नेमताना कॉन्स्टन्टियस आणि मॅक्सिमियन या सम्राटांच्या मुलांना खरोखरच वगळले गेले. दीड वर्षाच्या आत ब्रिटनमधील सैन्याने कॉन्स्टन्टियसचा मुलगा कॉन्स्टन्टाइन याला आणि रोममधील प्रेटोरियनांनी मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंटियस याला सम्राट केले, आणि त्यातून यादवी पेटली.

रक्ताच्या नावाची किंमत सेप्टिमियस सेव्हरसला नेमकी कळली होती. तलवारीच्या बळावर गादी मिळवलेल्या या सेनापतीने इ.स. 195 मध्ये, मार्कसला मरून 15 वर्षे लोटल्यावर, आपण मार्कसचे पुत्र असल्याचे जाहीर केले, आणि ज्याची स्मृती पुसून टाकण्याचा हुकूम सिनेटने काढला होता त्या कॉमोडसला भाऊ म्हणून देवपद देवविले.